सवा बैल

बँक बुडाली तेव्हा पुंडलिकराव पाटलांनी तीन दिवस अन्न घेतलं नाही, असं त्यांची बायको मैनाबाई शेजारणींना सांगत. वैद्यानं पोटासाठी लंघन सांगितलं होतं, एवढा भाग त्या गाळत. चैत्रात बुडालेली ‘अरुणावती शेतकी व व्यापारी बँक’ श्रावण संपता संपता सरकारनं हात धरून वर काढली, आणि आता पोळ्याच्या दिवशी, बैलांच्याही आधी, तिच्या अध्यक्षांचा सत्कार व्हायचा होता. बँक कुणी बुडवली हे चिंचघाटात पोराटोरांना ठाऊक होतं. पण पोळ्याचा मान पाटलांचा, पारावरची खुर्ची पाटलांची, तेव्हा हारही पाटलांच्याच गळ्यात पडणार, यात कुणाला नवल वाटलं नाही.

सकाळी ओसरीवर तिघं भावंडं बसली होती. पुंडलिकराव, त्यांच्या पाठची वच्छलाबाई आणि सगळ्यात धाकटा, यवतमाळला वकिली करणारा घनश्याम. बैल नदीवर धुवायला गेले होते. मध्ये एक छापील कागद होता, आणि तो उडू नये म्हणून पुंडलिकरावांनी त्यावर अडकित्ता ठेवला होता.

“फक्त सही कर, वच्छले. बाकी सारं म्या भरून ठेवलं.”

“काय भरलं, दादा?”

“तुह्या ठेवीचे रुपयाले दहा आणे तुले भेटतीन. सहा आणे तू राजीखुशीनं सोडून राह्यली, असं.”

“राजीखुशीनं?”

“कायद्याची भाषा हाय. कायदा काही रडून बोलत नाही.”

वच्छलाबाईंनी कागदाला हात लावला नाही. नवरा मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीवर गार्ड होता. तो गेल्यावर त्या मुलीला, नलूला, घेऊन चिंचघाटात राहायला आल्या आणि रेल्वेनं दिलेले पैसे पोस्टात ठेवायला निघाल्या होत्या. तेव्हा हेच दादा दमणी जुंपून दारी आले होते. घरची बँक असताना पोस्टात पैसे ठेवणं म्हणजे माहेराला नाव ठेवणं, असं त्यांचं म्हणणं पडलं. वच्छलाबाईंनी माहेराला नाव ठेवलं नाही, पैसे ठेवले. आता नलूचं नाव नागपूरच्या मेडिकल कॉलेजात लागलं होतं. दसऱ्याच्या आत फी आणि वसतिगृहाचे पैसे भरले नाहीत तर नाव कापू, असं कॉलेजचं पत्र आलं होतं, आणि ते पत्र वच्छलाबाई चार दिवस पदराला बांधून हिंडत होत्या.

“आक्का, सही करू नको,” घनश्याम म्हणाला. “दादा, बँकेच्या पैशातून तुमी संचालक लोकायनं यवतमाळले टॉकीज काढली. पयले त्या टॉकीजचे पडदे विका, मंग आक्काच्या पदराले हात घाला.”

“टॉकीज नुकसानीत हाय.”

“मी परवा गेलतो. बसाले जागा भेटली नाही.”

“फुकट पासवाले वाढले,” पुंडलिकराव म्हणाले. “सारे संचालकायचेच पाहुणे.”

“अन सरकारनं जे दोन लाख बँकेत ओतले, थे?”

“थे सरकार वापस घेनार. शेतसाऱ्यावर रुपयामागं एक आणा, तीन साल.”

“म्हनजे ठेवीदार म्हनून सहा आणे सोडाचे, अन कास्तकार म्हनून वरून एक आणा भराचा,” वच्छलाबाई म्हणाल्या. “मंग तुमी संचालक काय सोडून राह्यले?”

“आमी?” पुंडलिकरावांना प्रश्नच समजला नाही. “आमी तं बँकेवर कायम राहनार हावोत. सरकारचंच म्हननं हाय, अनुभवी मानसं पायजेत. अन साऱ्याचा आणा सर्वात जास्त माह्याच वावरायवर बसनार, थे कोनी पाहत नाही.”

त्यांच्या आवाजात खरंच दुःख होतं. आपल्यावर अन्याय झाला असं मानणारी माणसं घरोघरी असतात, पण पुंडलिकरावांसारखी मनापासून मानणारी थोडी.

खरी अडचण वेगळी होती. ठेवीदारांपैकी पाऊण हिश्शाची संमती आल्याशिवाय योजना लागू होत नव्हती, आणि चिंचघाटात सगळ्यात मोठी ठेव वच्छलाबाईंची. पाटलाच्या सख्ख्या बहिणीनं सही केली म्हणजे गाव मान खाली घालून करणार होतं. तिनं नाही केली तर गाव मान वर करून विचारणार होतं.

घनश्यामनं खिशातून एक चिठोरा काढून बहिणीच्या हातात दिला. दरसाल पोळ्याच्या झडत्या, म्हणजे तोरणाखाली म्हणायची यमकं, तोच रचत असे. बैल तोरणाखाली उभे राहिले की गावानं पाटलालाही झडतीतून चार शब्द सुनवायचे आणि पाटलानं हसून घ्यायचे, ही तिथली जुनी सवलत. वर्षातून एक दिवस.

“तीन ओळी झाल्या,” तो हळूच म्हणाला. “चौथी जमून नाही राह्यली. पण संध्याकाळी तोरनाखाली म्हनतोच.”

वच्छलाबाईंना त्या क्षणी धाकट्या भावाचा फार अभिमान वाटला. तो अभिमान दुपारपर्यंत टिकला.

मैनाबाई माजघरात पेटी उपसत होत्या. नव्या जोडीसाठी रेशमी झूल काढायची होती. जोडी होतीही तशीच देखणी: गौळाऊ, पांढरीशुभ्र, एका उंचीची. अक्षय तृतीयेनंतर पुंडलिकरावांनी ती बाभुळगावच्या एका मित्राकडून गावात आणली तेव्हा उधारीवर घेतली असं सांगितलं होतं. बँक बुडालेल्या माणसाला दोन असे बैल उधार देणारा व्यापारी कोण, हा विचार मैनाबाईंच्या मनात आला होता. पण नवऱ्याबद्दल विचार आला की त्या पोळ्या लाटायला बसत.

झुलीच्या घडीत बैलबाजाराची पावती होती. मैनाबाई चौथीपर्यंत शिकल्या होत्या. घेणार, सौ. मैनाबाई पुंडलिकराव. किंमत रोख मिळाली. तारीख एकवीस मार्च.

बँकेच्या दाराला कुलूप लागलं ते एकोणतीस मार्चला.

म्हणजे बुडणार हे माहीत असलेल्या एकाच माणसानं आपले पैसे आठ दिवस आधी काढले, बैल बाभुळगावच्या मित्राच्या गोठ्यात महिनाभर दडवले, आणि उद्या जप्ती आली तर आपल्या नावावर काही सापडू नये म्हणून पावती बायकोच्या नावानं फाडली. मैनाबाईंना बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं घेऊन दिलेली ही पहिली मोठी वस्तू होती, आणि तीही त्यांना न सांगता.

वच्छलाबाई पुरण वाटायला आत आल्या तेव्हा मैनाबाईंनी पावती परातीत ठेवली.

“वाचा.”

वच्छलाबाईंनी वाचली. मग पुन्हा वाचली. “आठ दिवस आधी,” त्या म्हणाल्या. “त्याच आठवड्यात दादा माह्या घरी जेवाले आलते. म्या इचारलं होतं त्यायले, बँकेचं लोक काही बोलून राह्यले म्हनून. म्हने, लोकायले धंदा नाही. दोनदा कढी मांगून घेतली.”

त्यांचे डोळे भरून आले. पैसे गेल्याचं दुःख त्यांनी पाच महिने गिळलं होतं. ती कढी मात्र त्यांना गिळवेना.

“वयनी, अन तुमचे साडेआठशे?”

“हळू बोला.” मैनाबाईंनी दाराकडे पाहिलं.

हे साडेआठशे म्हणजे दोघींमधलं गुपित होतं. दूध-तुपातून वाचवलेले पैसे मैनाबाई अकरा वर्षं नणंदेच्या हाती देत आणि नणंद ते आपल्या खात्यात ठेवी. नवऱ्याला कळू नये म्हणून लपवलेले पैसे नवऱ्याच्याच बँकेत ठेवणं, यापेक्षा सुरक्षित जागा त्यांना सुचली नव्हती.

“त्यायले सांगता का?” वच्छलाबाईंनी विचारलं.

“कायले? म्हनतीन, म्या इतके साल कोरडी पोळी खाल्ली थे याच्यासाठी काय.” मैनाबाईंनी पावती उचलून कमरेला खोचली. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. “इतके दिवस म्या त्यायच्या बाजूनं बोलली, वच्छलाबाई. आता होत नाही. बैल कोनाच्या नावावर हायेत, थे पाह्यलं ना तुमी?”

दोघी मग बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिल्या. त्या दिवशी पुरण थोडं करपलं.

सत्काराची आणि ठेवीदारांच्या संमतीची सभा पुंडलिकरावांनी मुद्दाम भर दुपारी ठेवली होती. पोळ्याच्या दुपारी कास्तकार बैलाची शिंगं रंगवणार, सभेला कोण येतो? चार आपली माणसं हात वर करतील, ठराव होईल आणि सह्या मग घरोघर फिरून घेता येतील, असा त्यांचा अंदाज. पण शाळेच्या पडवीत पाहतात तो पाय ठेवायला जागा नाही. लोक निम्मे काम टाकून आले होते. कुणाचे हात हिंगुळानं लाल, कुणाचे बेगडानं चमकणारे. शेतकऱ्याला बैलापेक्षा सभा प्यारी झाली, याचं पुंडलिकरावांना मनापासून वाईट वाटलं.

यवतमाळहून आलेल्या सरकारी साहेबांनी भाषण केलं. बँक वाचली म्हणजे शेतकरी वाचला, असं ते तीन वेळा म्हणाले. मग हार घातला. टाळ्या तलाठ्यानं वाजवल्या.

“साहेब, दोन गोष्टी इचाराच्या हायेत.”

पुंडलिकरावांनी आवाजावरूनच ओळखलं. बौद्धपुऱ्यातला भीमराज. राजूरच्या कोळसा खाणीत सात वर्षं काढून गावी परतलेला. विहार बांधायला वस्तीनं जमवलेले पैसे त्याच्या नावानं बँकेत होते. पाच वर्षांपूर्वीपर्यंत पुंडलिकराव त्याला ‘अरे’ म्हणत. आज सही हवी होती.

“इचारा ना, भीमराजजी.”

“सरकारचा मानूस दरसाल तपासणीले ये. मांगच्या साली त्यानं बँकेले ‘अ’ वर्ग देल्ला. थे साहेब आता कोठी हायेत?”

साहेबांनी कागद चाळले. “त्यांची बढती झाली. ते पुण्याला असतात.”

“बरं झालं. दुसरं असं, का बुडीत कर्ज कोनाकोनाचं हाय, थे नावं या कागदावर काहून नाहीत? आमची नावं तं हायेत.”

“कर्जदारांची नावं गोपनीय ठेवावी लागतात.”

“अन ठेवीदारायची?”

“ठेवीदारांनी लपवण्यासारखं काय केलंय?” साहेब म्हणाले.

पडवीतली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. साहेबांना वाटलं, उत्तर पटलं. भीमराजनं आपला कागद चार घड्या करून खिशात ठेवला. “ज्या दिवशी त्यायची नावं वर लिहान, त्या दिवशी खाली आमी सही करू,” तो म्हणाला आणि बसला.

लोकांच्या नजरा घनश्यामकडे वळल्या. वकील माणूस, आता बोलेल. पण त्याआधी पुंडलिकरावांनी घसा साफ करून जाहीर केलं की बँकेनं कायदे सल्लागार म्हणून ॲडव्होकेट घनश्याम यांना दरमहा पंच्याहत्तर रुपयांवर नेमलं आहे. घनश्याम उठला. त्यानं परिस्थितीचा सर्व बाजूंनी विचार करायला पाहिजे असं सांगितलं. टॉकीजही, नीट चालवली तर, जिल्ह्याच्या विकासाचं साधन होऊ शकते. सकाळी विकायला काढलेले पडदे त्यानं दुपारी स्वतःच्या हातानं परत टांगले. हे करताना तो वच्छलाबाईंकडे पाहत नव्हता.

“आक्का, तुह्या हितासाठीच सांगतो,” तो शेवटी म्हणाला.

“सांग बापा,” वच्छलाबाई म्हणाल्या. “पंच्याहत्तर रुपयात कोनाचं तरी हित झालंच पायजे.”

मग त्या भावाकडे वळल्या. “दादा, मानाची जोडी तोरन तोडून पयले बहिनीच्या दारी येते ना?”

“हाव. दरसाल येते.”

“मंग कागद तेथी घेऊन या. बैल माह्या दारी आले का सहीचं पाहू.”

पुंडलिकरावांच्या जिवात जीव आला. बहीण शेवटी बहीणच, असं ते साहेबांच्या कानात म्हणाले. लोकांनी मात्र आपापले कागद खिशात घातले. आधी वच्छलाबाईंची सही, मग आमची, असं सगळे म्हणाले.

संध्याकाळी मारुतीच्या पारासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. गावच्या सगळ्या जोड्या रांगेनं उभ्या राहिल्या, सर्वांत पुढे ती पांढरी जोडी, रेशमी झुलीखाली. कासरा म्हाताऱ्या सालदाराच्या, उकंडाच्या हाती. गळ्यात दुपारचाच झेंडूचा हार घालून पुंडलिकराव शेजारी उभे. साहेबांना पारावर खुर्ची दिली होती.

घनश्याम पुढे आला. त्यानं पावसावर एक झडती म्हटली आणि एक पंचवार्षिक योजनेवर. ‘हर हर महादेव’ म्हणायला लोकांना आवाज सापडेना. एक बैल शेण टाकत होता, त्याचाच काय तो आवाज.

तेव्हा बायकांच्या बाजूनं वच्छलाबाई पुढे आल्या. बाईनं झडती म्हणू नये असा काही नियम नव्हता. आजवर कुणी म्हटली नव्हती, एवढंच. त्यांनी पदर कमरेला खोचला. मग आवाज काढला तो पारापर्यंत गेला.

“बँकेच्या दाराले पितळेची कडी,
साहेब आले घेऊन सरकारी गाडी,
बुडवनाऱ्याले हार, बुडाल्याले छडी,
पाटलाच्या गोठ्यात नवी बैलजोडी!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला…”

“हर हर महादेव!” सगळं गाव एका दमात ओरडलं. बैल दचकले. पहिल्या तीन ओळी घनश्यामनं लगेच ओळखल्या. चौथी ऐकून त्यानं भावाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि वकील असल्यामुळे त्याला पुढचं सगळं समजलं.

पुंडलिकराव हसले. हसावंच लागतं, रीत आहे. झडतीला झडतीनं उत्तर द्यायचं असतं, पण त्यांनी घाईनं तोरण तोडायची खूण केली. तोरण तुटलं. आता बहिणीचं दार टाळावं तर झडती कबूल केल्यासारखी होत होती. ते गेले. मागून साहेब, आणि मागून न बोलावलेलं अर्धं गाव.

वच्छलाबाईंच्या दोन खणांच्या घराला अंगण तेवढं मोठं होतं. त्यांनी बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणपोळी चारली. बैल घेऊन दारी येणाऱ्याला पोळ्याचा बोजारा म्हणून नाणं द्यायचं असतं, ते उकंडाच्या हातावर ठेवलं. मग त्याच्या हातून कासरा घेतला आणि दोन्ही बैल कडुनिंबाखाली बांधले. तिथे दोन नवे खुंटे होते. भोवतालची माती अजून ओली होती.

“वच्छले, हे काय? बैल सोड. अजून गाव फिराचं हाय.”

“दादा, हे जोडी बँकेतून निंघालेल्या पैशाची हाय. बँक बंद व्हायच्या आठ दिवस आधी निंघालेल्या. आमचे पैसे आत राह्यले अन तुमचे चार पायानं बाहीर आले. आता हे माह्या दारी आले, माह्याजवळची ठेव झाले. ठेव वापस कशी कराची, थे तुमीच शिकवलं. रुपयाले दहा आणे. दोन बैलायचे दहा आणे म्हनजे सवा बैल. एक आत्ता न्या. राह्यलेल्या पाव बैलाचं साहेबायले इचारा.”

अंगणात हशा पिकला. साहेबांनी मात्र प्रश्न मनावर घेतला. “बाई, पाव बैल कसा देता येईल?”

“मंग दहा आण्याची पोरगी नागपूरले कशी पाठवू?” वच्छलाबाईंनी साहेबांकडे वळून विचारलं. “तिचे सहा आणे घरी ठेवून घेऊ? सांगा ना साहेब. तिचा बाप उन्हापावसात गाडीच्या शेवटच्या डब्यात उभा राहून गेला. त्याचे पैसे हायेत हे. म्या राजीखुशीनं कायले सोडू?”

हशा थांबला. पुंडलिकराव खुंट्याकडे वळले. “बैल माहे हायेत,” ते म्हणाले, “माह्या बैलाले हात लावाचा हक्क—”

“तुमचे नाहीत.”

आरतीचं ताट घेऊन मैनाबाई गर्दीतून पुढे आल्या होत्या. त्यांनी तांदळाखालून पावती काढली. नवऱ्याकडे न देता साहेबांच्या हातात दिली. “बैल माहे हायेत. या पावतीत लिवलं हाय. म्या थे नणंदबाईकडं ठेवले. नलूची फी भरली का काढून घेईन. नाही भरली तं शनिवारी बाजार हाय.”

साहेबांनी चष्मा लावला. पावती वाचली, तारीख वाचली, पुन्हा तारीख वाचली. मग चष्मा काढून खोळीत ठेवला. “ही घरगुती बाब आहे,” ते म्हणाले. “शासनाला यात पडता येणार नाही.”

“मंग सही बी घरगुतीच समजा, साहेब,” फाटकाशी उभा असलेला भीमराज म्हणाला. “घरातलं मिटू द्या पयले.”

एकेक करून लोक निघाले. जाताना घनश्यामजवळ येताच प्रत्येकानं आपला बिनसहीचा कागद त्याच्या हातात दिला. कायदे सल्लागाराच्या हातात बघता बघता गठ्ठा झाला. साहेबांची गाडीही निघाली.

“मैना, मानाची जोडी बाजारात उभी करशीन?” पुंडलिकराव हळू आवाजात म्हणाले. “गावात तोंड कसं दाखवू?”

“हाय तेच दाखवा,” मैनाबाई म्हणाल्या. “गावानं पाह्यलेलं हाय.”

मैनाबाई आत गेल्या. डावीकडच्या बैलानं मान लांब केली आणि पुंडलिकरावांच्या गळ्यातल्या हाराचा घास घेतला. पोळ्याच्या दिवशी बैलावर हात उगारत नाहीत. तो झेंडू खात राहिला आणि पुंडलिकराव उभे राहिले.

उकंडा अजून तिथंच होता. मालकाचा बोजारा राहिला होता. पुंडलिकरावांना ते आठवलं. निदान एक रीत तरी नीट पार पडावी म्हणून त्यांनी खिशातून अख्खा रुपया काढून त्याच्या हातावर ठेवला.

उकंडानं रुपया उलटून पाहिला, मग मालकाकडे पाहिलं.

“पुरा ठेवू, मालक?” त्यानं विचारलं. “का सहा आणे वापस करू?”